एका वेळी दोन गोष्टी

गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला मित्राच्या मुलीचा फोन. "काका, सोमवारी टोकन द्यायचंय. स्टुडिओ घेऊ की वन बेडरूम? एका वाक्यात सांगा." स्टुडिओ म्हणजे बाथरूम सोडून सगळं एकाच खोलीत, वन बेडरूम म्हणजे झोपायला दार असलेली वेगळी खोली. एका वाक्यात मला काही सांगता येईना, म्हणून ही पोस्ट. ती वाचेलच. तिचे बाबाही वाचतील आणि मग मला फोन करतील, ते पुढचं पुढं.

आधी माझी बाजू सांगून टाकतो. मी चार वर्षं स्टुडिओत काढली आहेत, आणि तीही भाड्याच्या नाही, स्वतःच्या. नंतर तो विकून वन बेडरूममध्ये आलो. पण स्टुडिओला नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. पाऊण तासात अख्खं घर लखलखीत व्हायचं. काही हरवायचं नाही, कारण हरवायला जागाच नव्हती. दार उघडलं की आपलं सगळं जग एका नजरेत दिसायचं, आणि दमून आलेल्या माणसाला ते बरं वाटायचं. मग सोडला का? तर त्या घरात मला एका वेळी एकच गोष्ट करता यायची.

हे जरा नीट सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. घर बघताना सगळे चौरस फूट मोजतात. एजंटही तेच सांगतो, बँकही तेच विचारते. पण स्टुडिओत खरी टंचाई चौरस फुटांची नसतेच. तिथं जगणं आळीपाळीनं चालतं. जेवायची वेळ झाली की कामाचा लॅपटॉप उचलायचा. झोपायची वेळ झाली की जेवणाचं टेबल भिंतीला लावायचं. कपडे वाळत असतील तर पाहुणा नको, पाहुणा असेल तर कपडे ओले. एकट्या माणसाला याचा त्रास बराच काळ जाणवत नाही, कारण एकटा माणूस तसाही एका वेळी एकच गोष्ट करत असतो. जाणवतो तो अचानक, एखाद्या दिवशी.

मला जाणवला आई चार दिवस राहायला आली तेव्हा. ती नऊला झोपते. माझा त्या आठवड्यात रोज रात्री अकराला ऑफिसचा कॉल. त्या घरात दार असलेली खोली एकच होती, ती म्हणजे बाथरूम. चार रात्री मी बादली पालथी घालून तिच्यावर बसून मीटिंगा केल्या. पाचव्या दिवशी निघताना आईनं शांतपणे विचारलं, "अरे, रात्री तू आत बसून कुणाशी बोलत असतोस?" मुलगा हातचा गेला असं तिला वाटत होतं की लग्न जमतंय असं, ते मला आजवर कळलेलं नाही.

आळीपाळीवरचा सगळ्यात प्रसिद्ध उपाय म्हणजे भिंतीत उभा मिटणारा पलंग, मर्फी बेड. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोत एका खोलीत राहणाऱ्या विल्यम मर्फीनं तो बनवला. किस्सा असा सांगतात की त्याला एका गायिकेला घरी बोलवायचं होतं, पण जिथं पलंग दिसतो अशा खोलीत परपुरुषाकडे जाणं त्या काळी शोभायचं नाही. म्हणून पलंगच भिंतीत घातला. किस्सा खरा असो वा रचलेला, त्यातली अडचण शंभर टक्के खरी आहे. मीही तसा पलंग बसवला होता. पहिले तीन महिने रोज सकाळी मिटायचो. मग फक्त पाहुणे येणार असले की. मग तोही कंटाळा. दिवसातून दोनदा सगळं अंथरूण आवळून खोलीचा वेश बदलायचा, हे कागदावर छान दिसतं. नोकरीवरून दमून आल्यावर तो पलंग आधीच खाली असलेला बरा वाटतो. कुणी "फोल्डिंग फर्निचर करून घेऊ की" म्हणालं तर मी एकच विचारतो: सध्याच्या घरात अंथरुणाची घडी रोज घालतोस का?

दोघं राहणार असाल तर माझं उत्तर लगेच आणि ठाम: स्टुडिओ नको. प्रेम किती आहे हा मुद्दाच नाही. एकाला सहाला उठायचं असतं, दुसऱ्याला रात्री एकपर्यंत वाचायचं असतं. एकाला फ्लू होतो, तेव्हा दुसऱ्यानं जायचं कुठं? भांडण झालं तर रुसून बसायलाही दुसरी खोली लागते. इंग्लंडमध्ये 2015 साली घरांच्या किमान आकाराचं जे मानक आलं, ते मला म्हणूनच शहाणपणाचं वाटतं. एका माणसाच्या घराला 39 चौरस मीटर, टबऐवजी शॉवर असेल तर 37. दोन माणसांच्या वन बेडरूमला 50, आणि त्यातली दोघांची झोपायची खोली निदान साडेअकरा चौरस मीटरची. म्हणजे दुसरा माणूस आला की किमान अकरा चौरस मीटर, जवळपास 120 चौरस फूट, वाढवून द्या. तिथं आधी माणसं मोजली आहेत आणि मग जागा. आपण उलटं करतो.

आता एकट्यासाठी. इथं खरंच विचार करावा लागतो, आणि विचार जमिनीवर बसून करावा, ब्रोशरवर नाही. समज, स्टुडिओचा कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, 300 चौरस फूट आहे. त्यातले बाथरूमचे 40 आणि ओट्याचे, उभं राहायच्या जागेसकट, 50 गेले. उरले 210. पाच बाय साडेसहाचा पलंग, दोन्ही बाजूंना आणि पायथ्याशी चालायला दोन-दोन फूट, म्हणजे नऊ गुणिले साडेआठ, साधारण 76. राहायच्या जागेतला एक तृतीयांशाहून जास्त भाग पलंगानंच खाल्ला, आणि कपाट अजून यायचंय. पलंग एका बाजूनं भिंतीला चिकटवला तर थोडं वाचतं, पण मग चादर बदलताना कसरत. सॅम्पल फ्लॅटमध्ये हे कळत नाही, कारण तिथला पलंग कित्येकदा आखूड असतो, कपाटं उथळ असतात आणि कचऱ्याचा डबा तर कधीच नसतो. म्हणून घर बघायला जाताना मोजायची टेप आणि चिकटपट्टी न्यावी आणि रिकाम्या जमिनीवर आपलं खरं सामान आखावं. एजंट वैतागतो. वैतागू दे.

पैशांचं थोडक्यात. स्टुडिओ एकूण स्वस्त, पण दर चौरस फुटाला बऱ्याचदा महाग, कारण घरातला खर्चिक भाग म्हणजे पाण्याच्या लाइनी, बाथरूम आणि स्वयंपाकाची जागा, आणि हे सगळं स्टुडिओत काय नि वन बेडरूममध्ये काय, लागतंच. बेडरूम म्हणजे चार भिंती नि एक खिडकी, सगळ्यात स्वस्तात वाढणारी जागा. मेंटेनन्स कसा आकारतात हे जरूर विचारावं: क्षेत्रफळावर असेल तर स्टुडिओवाल्याचा फायदा, सगळ्या घरांना सारखा असेल तर तो मोठ्या घरांचा खर्च उचलतोय. काही बँका फारच लहान घराला कर्ज देताना हात आखडता घेतात, तेव्हा टोकन देण्याआधी बँकेला विचारा, नंतर नाही. आणि विकायची वेळ येते तेव्हा स्टुडिओला गिऱ्हाईक एकटा माणूस किंवा भाड्यासाठी घेणारा. वन बेडरूमला हे दोघंही चालतात, शिवाय जोडपं आणि लहान मूल असलेलं घरही. माझा स्टुडिओ विकायला सात महिने लागले.

पण थांबा, वन बेडरूमच्या नावाखाली जे विकलं जातं तेही तपासा. खिडकी नसलेली "बेडरूम" मी पाहिली आहे. छतापर्यंत न पोचणारं पार्टिशन पाहिलंय, वर एक फूट मोकळं, हवा खेळायला म्हणे. सरकती काचेची दारं तर सर्रास. ती दिसायला देखणी, पण पलीकडे भांडं पडलं तरी इकडे दचकायला होतं. ही सगळी वन बेडरूमच्या भावात मिळणारी स्टुडिओच आहेत. परीक्षा सोपी आहे. आत जाऊन दार लावा, बाहेरच्याला नेहमीच्या आवाजात फोनवर बोलायला सांगा. शब्द न् शब्द कळला तर ती बेडरूम नाही, आडोसा आहे. मग त्यापेक्षा मोठ्या खिडकीचा, एल आकाराचा, पलंगापुरता कोनाडा असलेला खरा स्टुडिओ केव्हाही चांगला.

स्टुडिओ घ्याच असंही मी काहींना सांगितलंय. एकीला, जी महिन्यातले वीस दिवस कामानिमित्त बाहेर असते. एका निवृत्त गृहस्थांना, ज्यांना घर आवरण्याचाच कंटाळा आला होता आणि खाली उतरलं की पायी सगळं हवं होतं. या दोघांच्याही घरात एका वेळी दोन गोष्टी व्हायच्याच नाहीत. त्यांनी वन बेडरूम घेतली असती तर दुसरी खोली सुटकेसी ठेवायला गेली असती, आणि सुटकेसींसाठी पंधरा-वीस वर्षं हप्ता भरणं मला पटत नाही.

तर, बाळा, तुझं उत्तर. तू घरून काम करतेस, आठवड्यातून चार दिवस. तुझी बहीण परीक्षेसाठी दोन-दोन महिने तुझ्याकडे राहणार म्हणतेस. आणि रात्री साडेदहाला फोन करतेस, म्हणजे अकराला झोपणाऱ्यांतली तू नाहीस. मध्यवस्तीतला नवाकोरा स्टुडिओ सोड. जरा लांबची, जुन्या इमारतीतली ती वन बेडरूम, जिचं बाथरूम तुला आवडलं नाही, ती परत एकदा बघ. बाथरूम बदलता येतं. दार लावून बघितलंस का, ते मात्र तू मला सांगितलं नाहीस.

रविवारी अकराला बघायला जायचं ठरलंय. टेप मी आणतो. फोनवर मोठ्यानं बोलायला तुझ्या बाबांना घेऊन ये, त्यांना सांगावं लागत नाही.