बोर्निओतली 'रिकामी' जमीन

आज सकाळी महाविद्यालयातल्या जुन्या मित्रांच्या गटात एकाने बोर्निओतल्या जमिनीची चित्रफीत टाकली. हिरवागार डोंगर, खाली वळसा घेणारी नदी, एकरी भाव आणि त्यासोबत 'इंडोनेशियाची नवी राजधानी जवळच, स्थानिक दायाक लोकांकडून थेट खरेदी, पर्यटनाला प्रचंड वाव' असा मजकूर. त्याखाली दुसऱ्याने 'मुंडकी उडवणारे लोक आहेत, सही घ्यायला हेल्मेट घालून जा' असा विनोद केला, बाकीच्यांनी हसून घेतले, आणि तिसऱ्याने मला विचारले, 'तू तिकडे होतीस ना? कोणी ओळखीचा आहे का?' गटात मी उत्तर दिले नाही, कारण तिथे भांडणच झाले असते. ते इथे देते.

नोकरीनिमित्त मी तीन वर्षे कुचिंगला राहिले. कुचिंग ही सारावाकची राजधानी आणि सारावाक हे मलेशियाचे राज्य. नवी राजधानी नुसांतारा इंडोनेशियाच्या पूर्व कालिमंतानात आहे. बेट एक आणि त्यावर देश तीन, एवढे तरी पुढे ढकलण्यापूर्वी पाहावे. 'दायाक' हीसुद्धा एक जमात नाही. इबान, बिदायुह, केन्याह, कायान, न्गाजु अशा कितीतरी समाजांना मिळून तो शब्द वापरतात. मला थोडीफार ओळख आहे ती इबान लोकांची, आणि तीही एका दुरियन फळामुळे झाली.

डिसेंबर होता. बातांग आई नदीच्या वरच्या अंगाला एका लांबघरात, म्हणजे एका छपराखाली एकेका दाराआड एकेक कुटुंब राहते अशा लांबलचक घरात, आम्ही तीन दिवस मुक्कामाला होतो. दुसऱ्या दिवशी घरचा म्हातारा आणि त्याचा नातू आम्हांला जंगलात घेऊन गेले. परतताना एका प्रचंड झाडाखाली दुरियन पडलेले दिसले. फणसाची आठवण यावी असे काटेरी, पण आकाराने लहान. जंगलातले फळ जंगलाचे, अशा समजुतीने मी ते देठाला धरून उचलले आणि फोटोसाठी उभी राहिले. म्हातारा काही बोलला नाही. त्याने पारांग, म्हणजे लांब कोयता, काढून झाडाजवळच्या एका खुंटावरचे शेवाळ खरवडले. आतून काळे, दगडासारखे लाकूड निघाले. तो बेलियान लाकडाचा खांब होता. पूर्वी त्यांचे लांबघर तिथेच उभे होते, आणि अशा सोडलेल्या जागेला ते तेंबावाई म्हणतात. मग बोटांची पेरे मोजत त्याने ते झाड कोणी लावले, त्याची मुले कोण, त्यांची मुले कोण, हे सांगितले. नातू मलायमध्ये समजावत होता. माझ्या हातातले फळ लांबघरातल्या तिसऱ्या दाराच्या कुटुंबाचे निघाले.

मला हे आधीच कळायला हवे होते. कोकणात आमच्या परसातल्या फणसावरून दोन चुलत घरे अकरा वर्षे एकमेकांशी बोलली नव्हती.

तर 'रिकामी जमीन' म्हणजे हे. डोंगरउतारावर एक वर्ष भात घेऊन काही वर्षे पडीक ठेवलेल्या जमिनीला तेमुदा म्हणतात. तिच्यावर झाडी माजली की तुमच्या ड्रोनला ती जंगल दिसते. लाकडासाठी आणि शिकारीसाठी मुद्दाम राखलेले सामायिक रान वेगळे, ते पुलाउ गालाउ. घर, शेत, नदी, रान हे सगळे मिळून गावाचे क्षेत्र, ते पेमाकाई मेनोआ. ज्याच्या पूर्वजाने मूळ रान तोडले त्याच्या घराण्याचा हक्क, ही त्यांची रीत. सारावाकच्या १९५८ च्या जमीन कायद्याप्रमाणे १ जानेवारी १९५८ पूर्वी निर्माण झालेला हक्क सहसा धरला जातो, आणि तो सिद्ध करण्याचा भार गावावर. ज्यांच्याकडे कागद कधी नव्हताच त्यांना जुन्या हवाई छायाचित्रांत आपल्या आजोबांचे शेत दाखवावे लागते. डिसेंबर २०१६ मध्ये मलेशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तर पेमाकाई मेनोआ आणि पुलाउ गालाउ यांना कायद्याचे बळ नाही, असाच निकाल दिला. त्यावर लोक रस्त्यावर आले, आणि २०१८ मध्ये कायदा बदलून अशा क्षेत्राला मान्यता देण्याची सोय झाली, तीही साधारण ५०० हेक्टरांच्या मर्यादेत. ज्या लोकांनी आपलीच जमीन आपली ठरवण्यासाठी वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या केल्या, त्यांच्याकडून तुम्ही 'थेट खरेदी' करणार आहात!

आणि ती तुम्हांला करताही येणार नाही. सारावाकमध्ये तिथल्या मूलनिवासी नसलेल्या माणसाला परंपरागत हक्काच्या जमिनीवर कोणताही अधिकार मिळवता येत नाही. क्वालालंपूरच्या माणसालाही तिथे नोकरी करायची तर परवाना लागतो. इंडोनेशियात १९६० च्या कायद्याने पूर्ण मालकी फक्त नागरिकांना आहे. कोणा स्थानिकाच्या नावावर जमीन घेऊन ठेवण्याची जी युक्ती दलाल सांगतात, ती कायद्याने रद्दबातल आहे. म्हणजे फसले तर दोन्ही जाणार, तुमचे पैसे आणि त्यांची जमीन.

गावातलीच माणसे पामतेलाच्या मळ्यांसाठी सह्या करतात, हे खरे आहे, आणि मुखियाही कधी कधी त्यांत असतो.

आता प्रवासाविषयी. कुचिंगहून बातांग आईच्या धरणापर्यंत मोटारीने चार-पाच तास लागतात, तिथून पुढे लांब, अरुंद नाव. मागे इंजिनावर एक आणि पुढे बांबू घेऊन एक, जो पाण्याचा रंग पाहून खालचे दगड ओळखतो. पाणी कमी असेल तर प्रवाशांनी उतरून ढकलायचे. १९८५ च्या त्या धरणाच्या जलाशयावरून जाताना पर्यटक फोटो काढतात. पाण्याखाली कितीतरी लांबघरांची शेते आणि तेंबावाई आहेत, याची पाटी मला कुठे दिसली नाही. मीही फोटो काढले होते.

हे लिहिता लिहिता राग थोडा उतरला आहे, म्हणून तिसऱ्या दाराच्या बाईविषयी सांगते. म्हाताऱ्याने माझ्या हातातले दुरियन घेतले, लांबघरात आणून तिच्यापुढे ठेवले आणि काय घडले ते सांगितले. ती खळखळून हसली, रुआईत, म्हणजे सगळ्या घरांच्या पुढून जाणाऱ्या त्या लांबलचक ओसरीत, चटईवर बसून तिने ते फोडले आणि पहिला गर माझ्या हातावर ठेवला. तिच्या पाठीमागच्या भिंतीवर मुंडकी नव्हती, मुलीचा पदवीच्या झग्यातला फोटो होता. तिला रस्ता हवा होता. गुडघे गेलेल्या बाईने नावेतून उतरून प्रवाहात उभे राहायचे, हे तिला आता नको होते, आणि रस्त्याबरोबर ट्रकही येतील हे तिला माझ्याहून अधिक ठाऊक होते. 'अस्पर्श राहू द्या त्यांना' असे म्हणणाऱ्या माझ्या हळव्या मैत्रिणींनी हे वाचावे. मुले सातव्या वर्षापासून शाळेच्या वसतिगृहात राहतात, तरुण मिरी शहरात, जोहोरला, सिंगापूरला जातात. पुरुषाने कमाईसाठी दूर जाण्याला त्यांच्यात बेजालाई असा जुना, मानाचा शब्द आहे. त्या लांबघरात मी बावीस दारे मोजली. नऊंना कुलूप होते. कुलूप होते म्हणून ती घरे बेवारस नव्हती.

तर, कोणी ओळखीचा आहे का? आहे. तो नातू आता मिरीला नोकरी करतो. गेल्या डिसेंबरात त्याने फोटो पाठवला. त्याच झाडाजवळ नवी झोपडी बांधली आहे, आणि रात्री पडणाऱ्या फळांची वाट पाहत आजोबा तिच्यात पाय सोडून बसले आहेत. त्याचा नंबर मी देणार नाही.

जायचेच असेल तर पाहुणे म्हणून १ जूनच्या गवाईला, म्हणजे त्यांच्या सुगीच्या सणाला, जा. त्या वेळी दूर गेलेली माणसे परततात आणि कुलपे निघतात. आधी विचारून जा, नावेच्या इंधनाचे पैसे घासाघीस न करता द्या. तांदळाची दारू, तुआक, पुढे येईल. प्यायची नसेल तर पेल्याला बोटे लावून तीच बोटे ओठांना टेकवायची. न शिवता नाही म्हणत नाहीत.