चुन्यातला मका आणि ला वियिता

शिकागोच्या नैऋत्येला २६व्या रस्त्यावर एक कौलारू कमान आहे. तिच्यावर स्पॅनिशमध्ये लिहिलंय, 'बिएनवेनिदोस आ लिटल व्हिलेज', म्हणजे लिटल व्हिलेजमध्ये स्वागत. इथे राहणारे मेक्सिकन वंशाचे लोक या वस्तीला ला वियिता म्हणतात. कमानीचा आराखडा एड्रियन लोसानो या मेक्सिकोत जन्मलेल्या वास्तुकाराचा. ती १९९० मध्ये उभी राहिली आणि २०२२ मध्ये शहराने तिला अधिकृत वारसा वास्तू ठरवलं. फोटो सगळे तिचेच काढतात. फोटो बघून "ही माणसं अमेरिकेत राहून मेक्सिकोच कवटाळून बसतात, मिसळत नाहीत" असं म्हणणारे आपल्याकडेही भेटतात. मला ते साफ अमान्य आहे. अभिमान बघायचाच असेल तर कमान राहू द्या, पहाटेचं तमालचं पातेलं बघा. तमाल म्हणजे मक्याच्या पिठात सारण भरून कणसाच्या पानात वाफवलेला पदार्थ.

तमालची सुरुवात आदल्या रात्री होते. एक किलो वाळलेला मका, तीन लिटर पाणी आणि साधारण दहा ग्रॅम खाण्याचा चुना. हो, चुनाच, स्पॅनिशमध्ये 'काल'. आधी चुना पाण्यात विरघळवायचा, मग मका घालून मंद आचेवर ठेवायचा. दाणा चिमटीत चोळला की साल सुटायला हवी. मग गॅस बंद करून रात्रभर, आठ ते बारा तास, तसाच भिजू द्यायचा. सकाळी पिवळट पाणी टाकून मका धुवायचा आणि दळायचा. या भिजल्या मक्याला 'निश्तामाल' म्हणतात आणि दळून झालेल्या ओल्या पिठाला 'मासा'. चुना जास्त पडला तर पीठ कडवट होतं. मका जास्त शिजला तर पीठ चिकट होऊन हाताला लागतं. मक्याची भाकरी थापताना कडा का फाटतात हे आपल्या बायकांना ठाऊक आहेच. नुसत्या कोरड्या मक्याच्या पिठाला चिकटा नसतो. तो चिकटा चुन्यामुळे येतो. शिवाय मक्यात अडकून पडलेलं नायसिन हे जीवनसत्त्व त्याच चुन्याने मोकळं होऊन अंगी लागतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेत चुन्याशिवायच्या मक्यावर जगणारी गरीब माणसं पेलाग्राने, म्हणजे नायसिनच्या अभावाच्या रोगाने, मेली. ज्ञान मेक्सिकोच्या स्वयंपाकघरांत हजारो वर्षं होतं, पण मका नेणाऱ्यांनी ते सोबत नेलंच नाही.

तमालसाठी मासा जरा भरड लागतो. एक किलोला सुमारे तीनशे ग्रॅम डुकराची चरबी घालून तो फेटत राहायचा. गोळी गार पाण्यात टाकून बघायची: तरंगली तर झालं, बुडाली तर आणखी फेटा. न फेटलेला तमाल दगडासारखा होतो. कणसाची वाळलेली पानं कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून त्यात मासा आणि सारण भरायचं, मग तासभर ते दीड तास वाफवायचं. पातेल्याच्या तळाशी एक नाणं टाकतात. पाणी उकळतंय तोवर ते खडखडत राहतं. आवाज थांबला की पाणी संपलं समजायचं, आणि झाकण न उघडताही कळतं. पान अलगद सुटून आलं की तमाल तयार. सोबत चंपुर्रादो हे गरम पेय: मासा, चॉकलेट, दालचिनी आणि पिलोनसियो, म्हणजे आपला गूळच.

हे करणाऱ्या बाया आणि बापे पहाटे अंधारात गाडी घेऊन कोपऱ्यावर उभे राहतात. शिजवलेलं अन्न अशा हातगाडीवर विकणं शिकागोत कायदेशीर झालं ते २०१५ मध्ये. त्यातही अट अशी की पदार्थ परवाना असलेल्या स्वयंपाकघरातच बनवायचा. म्हणजे ज्यांच्याकडे भाड्याचं स्वयंपाकघर घ्यायलाही पैसे नाहीत, त्यांच्यासाठी दार अर्धंच उघडलं. स्वच्छतेचा नियम हवाच, पण स्वस्त सामायिक स्वयंपाकघराची सोय आधी करायला हवी होती, असं माझं ठाम मत आहे.

आणि याच वस्तीने आपलं हायस्कूल उपोषण करून मिळवलं! शहराने शाळेचं आश्वासन दिलं होतं, मग पैसे नाहीत म्हणून हात वर केले. २००१ च्या मे महिन्यात, मातृदिनी, चौदा जण उपोषणाला बसले. त्यांत आया होत्या, आज्या होत्या. एकोणीस दिवस! शाळा २००५ मध्ये उघडली. शेजारच्या पिल्सेन वस्तीतही १९७७ मध्ये बेनितो हुआरेस हायस्कूल उभं राहिलं ते असंच, लोकांनी रेटा लावल्यावर. मिसळत नाहीत म्हणणाऱ्यांनी एवढं सांगावं: आपल्या पोरांना शहराच्या शाळेत जागा मिळावी म्हणून उपाशी राहणं हे मिसळणं नाही तर काय आहे?

२६व्या रस्त्यावर कधी गेलात तर सकाळी लवकर जा. वाफ निघणाऱ्या गाडीशी थांबा, दोन तमाल घ्या, एक हिरव्या चटणीचा, एक लाल. पान सोलून खायचं, पानासकट नाही. सुटे पैसे जवळ ठेवा.