जाड कोट नको, पातळ थर घ्या

थंडीच्या कपड्यांची यादी देणारा एक लेख वाचला. थंडीसाठी मोजके दहाच कपडे ठेवा, हा त्यातला सल्ला मनापासून पटला. पण यादीतला जाड ओव्हरकोट मुंबईकरांनी घेऊ नये, असं आग्रहाने सांगावंसं वाटतं. सांताक्रूझला जानेवारी १९६२ मध्ये पारा ७.४ अंशांवर उतरला होता, पण तो अपवादच. एरवी जानेवारीची पहाट १६-१७ अंशांची, आणि अकराच्या लोकलमध्ये घाम.

कोट घालण्यापेक्षा तो पावसाळ्यात जपणं जास्त कठीण. आमच्या बोरिवलीच्या घरात जून ते सप्टेंबर कपाटाला कुबट वास येतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओलावा शोषून घेते. त्यात कपडा न धुता ठेवला की कसर लागते. आईने हाताने विणलेला स्वेटर मी असाच गमावला, त्याचं अजून वाईट वाटतं. आता लोकरीचं सगळं धुऊन, सावलीत खडखडीत वाळवून, कडुलिंबाच्या पाल्यासह घट्ट झाकणाच्या डब्यात जातं.

माझ्याकडे मेरिनो या मऊ, बारीक लोकरीचा एक पातळ स्वेटर, पूर्ण बाह्यांचे दोन शर्ट, वारा अडवणारं जॅकेट आणि आजीची शाल, एवढंच आहे. थरांमध्ये अडकलेली हवाच ऊब देते, त्यामुळे डिसेंबरात नाशिकजवळच्या, कडाक्याच्या थंडीच्या निफाडला मावशीकडेही एवढ्यावर भागतं. तिथे फक्त आतून थर्मल घालते. त्याजागी सुती बनियन नको, घामाने भिजला की लवकर वाळत नाही आणि पहाटेच्या वाऱ्यात हुडहुडी भरते.