सोप्पंय गं, फक्त लक्ष ठेवायचं

उन्हाळ्यातल्या गोडाधोडाची एक गंमत आहे, त्यात करण्यासारखं काही नसतंच. चक्का टांगायचा, कोकम उन्हात ठेवायचं, आंबापोळी पसरायची, कुल्फी फ्रीजरमधे सरकवायची, झालं. पुढचं काम ऊन करतं, गुरुत्वाकर्षण करतं, नाहीतर फ्रीज करतो. म्हणूनच जो तो म्हणतो, सोप्पंय गं, पाच मिनिटांचं काम. आणि असतंही पाच मिनिटांचंच, मी नाही म्हणतच नाहीये. पण त्या पाच मिनिटांनंतर जी राखण सुरू होते तिच्याबद्दल कुठल्याही रीलमधे एक अक्षर नसतं. रीलमधली बाई रात्री चक्का टांगते आणि पुढच्या सेकंदाला सकाळ झालेली असते, बाईच्या केसांची बट पण हललेली नसते. मधल्या रात्री त्या चक्क्यापाशी कोण बसलं होतं ते दाखवा ना.

आमच्या घरी, म्हणजे कल्याणला, बसते ती मी. घरात नवरा, लेक आणि सासरे. सासरे, म्हणजे बाबा, शाळेत विज्ञान शिकवायचे आणि आता रिटायर झालेत. शाळेतून. विज्ञान शिकवण्यातून नाही. मी फुलक्रीम दुधाला विरजण लावलं की ते चष्मा शोधायला लागतात. "दह्यातल्या जिवाणूंना 40 अंशाच्या आसपास फार मानवतं," हे मला दर उन्हाळ्यात नव्याने सांगितलं जातं, म्हणजे एप्रिलमधे आमचं स्वयंपाकघर ही त्यांच्यासाठी खास सोय केलेली जागा आहे, जिवाणूंसाठी, माझ्यासाठी नाही. त्यामुळे थंडीत दही लागायला रात्र जाते तिथे उन्हाळ्यात जरा पाठ वळली की आंबट. आणि चक्का रात्रभर बाहेर टांगला तर सकाळी त्याचं श्रीखंड नाही, कढी करायची वेळ येते.

बरं टांगायचा कुठे हाही एक प्रश्नच आहे. नळाला टांगला तर रात्रभर सिंक बंद, मग नवरा पाणी पिऊन झाल्यावर ग्लास घेऊन ओट्यापाशी उभा राहतो आणि विचारतो, "आता हा कुठे ठेवू?" ग्लास ठेवायला अख्खं घर आहे रे. बाल्कनीत टांगला तर कबुतरं. कल्याणच्या कबुतरांना पंचा म्हणजे बसायची जागा वाटते. लेकीने सुचवलं, पंख्याला टांग. तिला त्या दिवशी टीव्ही मिळाला नाही. शेवटी मी हल्ली चाळणीत पंचा, खाली पातेलं, वर वजन म्हणून पोळपाट असं सगळं फ्रीजमधे घालते, म्हणजे चक्का सुखात राहतो पण फ्रीजमधलं बाकी सगळं विस्थापित होतं. कोथिंबीर ओट्यावर, दुधाच्या पिशव्या शेजारच्यांकडे, आणि कालची उसळ कोणाच्या पोटात तरी, जबरदस्तीने. एवढं सगळं करून लिटरभर दुधामागे चक्का किती, तर 400-450 ग्रॅम. त्यात जवळजवळ तेवढीच साखर, मुरायला ठेवायची तीन-चार तास, मग पुरणयंत्रातून काढायचं, मग केशर-वेलची. खाली पातेल्यात पाणी जमतं त्यात कणीक भिजवायची असते, फेकायचं नसतं. आणि बाबा त्या पाण्यात प्रथिनं कुठली ते सांगत असताना ते सांडायचं नसतं.

आता तुम्ही म्हणाल विकत मिळतं की. मिळतं. विकतचं आणलं की घरातले सगळे चमचा चाटत म्हणतात, "घरच्याची मजा नाही." हे म्हणणारे चमचे धूत नाहीत.

पन्ह्याचं त्यातल्या त्यात बरं, त्यात टांगणं-वाळवणं नाही. पण त्याची राखण माणसांपासून करावी लागते. मुळात आमच्याकडे पन्ह्यावरून दोन घराणी आहेत. बाबा मूळचे सावंतवाडीकडचे, त्यांचं पन्हं म्हणजे उकडलेली कैरी, गूळ, वेलची, किंचित मीठ, पाहुणे असले तर केशर. माझं माहेर नागपूर, आमची आई कैरी सरळ गॅसवर भाजते, साल काळी होईपर्यंत, आणि त्यात भाजलेलं जिरं आणि काळं मीठ. नागपूरचं ऊन भाजून काढतं आणि इकडचं दमट ऊन वाफवून काढतं, म्हणून तिकडे कैरी भाजतात आणि इकडे उकडतात असं माझं स्वतःचं संशोधन आहे, पण बाबांनी ते मान्य केलेलं नाही. आई फोनवर विचारते, "काहून गं, पन्ह्यात वेलची टाकते? ते काय बासुंदी आहे?" इकडे बाबा वास घेऊन म्हणतात, "जळल्यासारखं झालंय का काही?" मग मी दोन बरण्या करते. वाटीभर गराला दोन वाट्या गूळ घातला की घट्ट गोळा होतो, तो फ्रीजमधे टिकतो, लागेल तेव्हा दोन-तीन चमचे काढायचे, वर गार पाणी. वाचायला छान वाटतं ना. पण लागेल तेव्हा म्हणजे कोणाला लागेल तेव्हा? लेकीच्या मैत्रिणी दुपारी येतात, त्या ग्लासात अर्धा गोळा आणि अर्धं पाणी घेतात. नवरा तर पोळीला लावून खातो, जॅम समजून. मी एका बरणीवर 'कारल्याचा रस' अशी चिठ्ठी लावून ठेवली होती, घरात त्या चिठ्ठीचा एकाच माणसावर परिणाम झाला, बाबांवर. डायबेटिस आहे त्यांना. आठवडाभर सकाळी उपाशीपोटी नेमाने दोन चमचे घेत होते आणि कारलं असूनही चव बरी आहे म्हणून खूश होते.

त्याच दिवसांत आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू. कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, कलिंगडाच्या फोडी. बायका येतात, बसतात, पन्ह्याचा घोट घेतात आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघून मला दहावीचा निकाल आठवतो. कोणी वाईट म्हणत नाही. "छान झालंय हो, आमच्याकडे थोडं आंबट करतात," एवढंच. दुसरी म्हणते, "आमच्याकडे थोडं गोड." म्हणजे बरोब्बर मधे आहे की! मागच्या खेपेला मी जरा हौस म्हणून सब्जाचं सरबत पण केलं होतं, तर लेकीने सगळ्यांसमोर मोठ्यांदा विचारलं, "आई, यात बेडकाची अंडी का घातलीस?" ते सरबत मग आम्ही घरचेच संपवत बसलो.

कुल्फीबद्दल मला फार बोलायचं नव्हतं, पण बोलावं लागेल. दूध निम्म्याहून कमी होईपर्यंत आटवायचं, तेही मे महिन्यात, गॅससमोर, पंखा बंद कारण ज्योत हलते. कितीतरी वेळाने ते दाट होतं, मग गार करून साच्यात. दूध कमी आटवलं तर त्यात पाणी राहतं आणि फ्रीजरमधे हळूहळू गोठताना त्याचे मोठे मोठे स्फटिक होतात, म्हणून घरची कुल्फी दाताखाली करकरते. हे मला माहिती आहे, बाबांनी सांगितलंय, वहीत आकृती काढून. आकृतीत फ्रीजर बंद दाखवलाय. आमचा फ्रीजर आठ तास बंद राहण्याची शक्यता शून्य आहे. गार वाटावं म्हणून नवरा फ्रीजरचं दार उघडून नुसता उभा राहतो. लेक दर अर्ध्या तासाने कुल्फीत काडी खुपसून बघते, झाली का, आणि काडीला लागलेलं चाटते आणि तीच काडी पुढच्या साच्यात. बर्फाचे ट्रे तर रिकामे करून रिकामेच परत ठेवतात, हा माणूस कोण ते अजून सापडलेलं नाही. मी कुल्फी मटाराच्या पिशवीखाली लपवते. तर घरात कधी नव्हे ती मटार उसळीची फर्माईश येते.

अशा वेळी बाबा हमखास पॉटच्या आईस्क्रीमवर येतात. त्यांच्या लहानपणी लाकडी बादलीचा पॉट भाड्याने मिळायचा, आत दुधाचं भांडं, भोवती बर्फ आणि जाडं मीठ, आणि वरचं हँडल पोरांनी आळीपाळीने फिरवायचं. मिठाने बर्फ वितळतो आणि वितळताना दुधातली उष्णता ओढून घेतो, तापमान शून्याच्या बरंच खाली जातं, आणि सतत फिरत राहिल्यामुळे स्फटिक मोठे होत नाहीत, म्हणून ते आईस्क्रीम मऊ. हे सगळं खरं आहे आणि ऐकायला फार छान वाटतं. मी एकदाच विचारलं, बाबा, दूध कोण आटवायचं? बर्फ कोण फोडायचं? नंतर खारट पाण्याने भरलेलं ते धूड कोण धुवायचं? बाबा म्हणाले, "मी हँडलवर असायचो." घरातले सगळे पुरुष पिढ्यान् पिढ्या हँडलवरच आहेत.

पण खरी राखण बघायची तर गच्चीवर या. मे महिन्यात गावाहून कोणीतरी रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पाठवतं, लालबुंद. ते मधोमध कापायचे, आतल्या बिया काढायच्या, त्या वाट्यांमधे साखर भरायची, बरणीत रचायचं, तोंडाला फडकं बांधून उन्हात ठेवायचं. किलोभर रातांब्यांना दोन किलो साखर. आठ-दहा दिवसांत साखर विरघळून गर्द लाल रस होतो, त्यात पाणी आणि जिरेपूड-मीठ घातलं की कोकम सरबत. हात तेवढ्यात कुठल्या गुन्ह्यातून आल्यासारखे लाल होतात आणि ऑफिसच्या व्हिडिओ कॉलवर मला हात खाली ठेवून बोलावं लागतं. बियांपासून कोकमतेल काढतात, ते भेगा पडलेल्या टाचांना चांगलं, त्या बिया फेकू नका अशी गावाहून सूचना आहे, म्हणून माझ्या बाल्कनीत मागच्या वर्षीच्या बिया पण आहेत.

तर बरणी गच्चीवर. शेजारी माझी आंबापोळीची ताटं, तुपाचा हात लावून त्यावर रस पसरलेला. पण गच्ची एकटी माझी नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या कुरडया, तळमजल्यावरच्या वहिनींचे सांडगे, कोणाच्या मिरच्या, कोणाची गादी. मुंग्यांसाठी बरणीखाली पाण्याची परात ठेवायची, तर ते पाणी कावळे पितात आणि आंघोळही करतात. कावळ्यांसाठी काळी छत्री उघडून ठेवायची, तर ती वाऱ्याने उडून चौथ्या मजल्यावरच्यांच्या एसीवर. मग आम्ही बायकांनी पाळ्या लावल्या. दुपारी अकरा ते एक वहिनी, एक ते तीन काकू, तीन ते पाच मी, लॅपटॉप घेऊन, पाण्याच्या टाकीच्या सावलीत. माझ्या मॅनेजरला वाटतं मी फार मोकळ्या हवेत राहते.

आणि मग आला वळीव. मे महिन्यातला तो पाऊस, त्याला हवामान खात्याची परवानगी लागत नाही, दुपारी कडक ऊन आणि साडेचारला आभाळ काळं. पाळी माझी होती आणि मी मिटिंगमधे होते, पहिला गडगडाट माझ्या माईकवरून पुण्याच्या ऑफिसात ऐकू गेला. "सॉरी, कोकम," एवढंच बोलून मी उठले. खालून सगळी बिल्डिंग धावत आली, काकू गुडघेदुखी विसरून, बाबा छत्री घेऊन (स्वतःच्या डोक्यावर), नवरा काय उचलू काय उचलू करत. ज्याच्या हाताला जे लागलं ते त्याने उचललं आणि जिन्यातून खाली. सांडगे आमच्या घरी आले, माझी बरणी वहिनींकडे, गादी भिजली, तिला कोणीच उचललं नाही.

संध्याकाळी वाटप सुरू झालं. कुरडया काकूंच्या, त्यात वाद नाही, तेवढ्या बारीक दुसऱ्या कोणाच्या येतच नाहीत. पण आंबापोळ्या तिघींच्या होत्या आणि तिन्ही पिवळ्या. वहिनी म्हणाल्या ताटांवर नावं घातलेली असतील की, बघू. ताटं उलटी केली. माझ्या ताटावर एका मुलाच्या मुंजीची तारीख निघाली, तो मुलगा कोण ते आम्हाला माहिती नाही. काकूंच्या ताटावर भलत्याच आडनावाकडून सप्रेम भेट. वहिनींच्या ताटावर एका महिला मंडळाचं नाव, त्यावर वहिनींनी पटकन पदर घातला. म्हणजे एकही ताट ज्याचं त्याचं नव्हतं.

मग काकू म्हणाल्या, चवीवरून कळेल, माझ्यात साखर नाही घातली मी, नुसता रस. एकेक तुकडा तोडला. सगळ्यांनी डोळे मिटून खाल्ला. काकूंना तिन्ही स्वतःच्याच वाटल्या. वहिनी म्हणाल्या, दुसरीत वेलची लागतेय, मी वेलची घालते, ती माझी. वेलची मी पण घालते. परत तुकडे तोडले. लेकीने मधल्या मधे चौथ्यांदा हात घातला आणि म्हणाली तिला अजून नीट कळलं नाही. नवऱ्याने तेवढ्यात कुठून तरी चमचा आणला, आंबापोळीला चमचा कशाला लागतो ते त्यालाच माहिती. तोवर पहिलं ताट संपलं होतं.

बाबा खुर्ची पुढे ओढून बसले. म्हणाले, नमुना इतका लहान असेल तर निष्कर्ष कसा निघणार, आणि त्यांनी दुसरं ताट आपल्याकडे घेतलं.