दोर कोण धरतं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अलीकडे पाहिलेल्या सिनेमांवरच्या माझ्या लेखाला तुम्ही इतकी सविस्तर आणि तिखट प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आधी मनापासून आभार. उत्तर मोठं होणार म्हणून ते स्वतंत्रच लिहितेय.

ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा गोषवारा असा. टोकियोत सार्वजनिक संडास साफ करणाऱ्या हिरायामाची गोष्ट सांगणाऱ्या विम वेंडर्सच्या ‘परफेक्ट डेज’चं मी भरभरून कौतुक केलं. तुमच्या मते ते संडास सफाईचं उदात्तीकरण आहे आणि ज्या देशात जातीमुळे माणसं गटारात उतरतात, तिथल्या लेखिकेला ते शोभत नाही. शिवाय तो सिनेमा मुळात जाहिरात आहे. ‘कोर्ट’ पुन्हा पाहिला हे मी दोन ओळींत उरकलं आणि ‘मंजुम्मेल बॉईज’सारख्या गल्लाभरू सिनेमाला मात्र चार परिच्छेद दिले. आणि शेवटी ‘परफेक्ट डेज’बद्दल तुम्ही विचारलंत, “हाच सिनेमा दादरला घडला असता तर तुम्हाला इतका आवडला असता का?”

हा शेवटचा प्रश्न मी शेवटीच घेते, कारण सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे.

जाहिरातीचा मुद्दा आधी. टोकियोच्या शिबुया भागात निप्पॉन फाउंडेशनने सतरा सार्वजनिक स्वच्छतागृहं नव्याने बांधून घेतली. तादाओ आंदो, शिगेरू बान, केंगो कुमा असे मोठे वास्तुरचनाकार त्या कामात होते. त्या स्वच्छतागृहांवर काही छोट्या फिल्म करण्यासाठी वेंडर्सना बोलावलं गेलं. त्यांनी त्याऐवजी पूर्ण लांबीचा सिनेमा केला. सहलेखक ताकुमा ताकासाकी हे जाहिरात क्षेत्रातले. हे सगळं खरं आहे आणि प्रेक्षकाला माहीत असायलाच हवं. पण पैसा कुठून आला एवढ्यावर मी कुठलाच सिनेमा निकालात काढत नाही. पडद्यावर काय उतरलं ते बघते.

आणि पडद्यावर काय उतरलंय? एक प्रसंग तुम्ही बहुधा निसटता पाहिलात. स्वच्छतागृहात एक लहान मुलगा रडत बसलेला हिरायामाला सापडतो. तो त्याचा हात धरून त्याला बाहेर आणतो, आईला शोधू लागतो. आई धावत येते आणि ओला कागदी रुमाल काढून पोराचा हात पुसते. जो हात हिरायामाने धरला होता तोच. त्याच्याकडे ती बघतही नाही, आभार तर दूरच. पोरगा मात्र जाताजाता वळून त्याला हात करतो आणि हिरायामा हसतो. हा प्रसंग आपल्याकडच्या कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. विटाळ म्हणजे काय हे आपण जाणतो. जपानलाही ते नवं नाही. तिथे अस्पृश्य मानल्या गेलेल्या बुराकुमिन समाजावरचा जन्माधारित कलंक १८७१ मध्ये कायद्याने पुसला गेला, पण लग्नं जुळवताना आणि नोकरी देताना तो पुढेही कैक वर्षं मोजला गेला. सिनेमा त्याचं नाव घेत नाही. आईच्या हातातला तो रुमाल तेवढा दाखवतो.

दुसरा प्रसंग फोनचा. तरुण सहकारी ताकाशी काम सोडून जातो आणि त्याची पाळीही हिरायामाच्या गळ्यात पडते. रात्र होईपर्यंत तो राबतो आणि मग कंपनीला फोन करून चिडून सांगतो की हे रोज जमणार नाही. अख्ख्या सिनेमात हा माणूस एवढ्याच वेळी आवाज चढवतो. ज्याला कष्टाची पूजा बांधायची आहे तो दिग्दर्शक हा प्रसंग ठेवणार नाही. सफाई म्हणजे सेवा, सफाई म्हणजे पुण्य, असं सफाई करणाऱ्यालाच ऐकवणं, याला मी उदात्तीकरण म्हणते. हिरायामा तसं कधी म्हणत नाही, त्याला कुणी तसं म्हणतही नाही. तो आरसा धरून भांड्याच्या खालची बाजू तपासतो, कारण काम नीट करणं हा त्याचा स्वभाव आहे. हिरायामा साकारणाऱ्या कोजी याकुशो यांना २०२३ मध्ये कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, तो या अशा न बोललेल्या गोष्टींसाठी असावा असं मला वाटतं.

माझाही एक आक्षेप आहे आणि तो तुमच्या रागाच्या जवळचा आहे. या सिनेमात घाण दिसतच नाही. दोन तास एक माणूस संडास साफ करतो आणि आपल्याला नाक मुरडावं लागत नाही. तिथे कॅमेऱ्याने तोंड फिरवलंय. ती उणीव मला टोचते.

आता ‘कोर्ट’. लेखात दोनच ओळी होत्या, कारण चैतन्य ताम्हाणेंच्या या सिनेमावर मला स्वतंत्र लिहायचं होतं. तुम्ही विषय काढलाच आहे तर इथेच लिहिते. या सिनेमाला व्हेनिस चित्रपट महोत्सवाचा पुरस्कार मिळाला, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ऑस्करसाठी भारतातर्फे पाठवला गेला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. लोक त्याबद्दल बोलतात तेव्हा बहुतेक न्यायालयाच्या रेंगाळण्याबद्दल, रटाळ तारखांबद्दल आणि वीरा साथीदारांनी उभ्या केलेल्या लोकशाहीर नारायण कांबळेबद्दल बोलतात. ते बरोबरच आहे. पण या खेपेला माझं सगळं लक्ष वासुदेव पवार या गटार सफाई कामगारावर गेलं. हा माणूस सिनेमात एकदाही दिसत नाही. त्याचं प्रेत मॅनहोलमध्ये सापडलंय आणि शाहिराच्या गाण्यामुळे त्याने आत्महत्या केली असा सरकारचा दावा आहे.

मग त्याची बायको साक्षीला उभी राहते. ती सांगते, उतरण्यापूर्वी तो आत खडा टाकायचा. झुरळ बाहेर आलं तर आत थोडी तरी हवा आहे असं समजायचं आणि उतरायचं. वास सहन व्हावा म्हणून आधी दारू प्यायचा. एक डोळा या कामातच गेला होता. सुरक्षेची साधनं नव्हती. उषा बाणे यांनी हे सगळं ज्या सपाट आवाजात सांगितलंय त्यात रडण्याला जागाच नाही. पुढे शाहिराचा वकील तिला गाडीतून घरी सोडतो, पैसे देऊ करतो. ती पैसे घेत नाही, काही काम असेल तर सांगा म्हणते. मला या सिनेमातलं सगळ्यात मोठं वाक्य तेच वाटतं.

सिनेमा २०१४ मध्ये व्हेनिसला दाखवला गेला. त्याच्या आदल्याच वर्षी हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी आणणारा नवा कायदा आला होता. १९९३ चा जुना कायदा होताच. गटारात मेलेल्यांच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्या असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढवण्याची गरज पडते याचाच अर्थ माणसं मरायची थांबलेली नाहीत.

इथेच ‘मंजुम्मेल बॉईज’ येतो. तुम्ही त्याला गल्लाभरू म्हणालात. दोनशे कोटींच्या पुढे गेलेला तो पहिला मल्याळम सिनेमा, म्हणजे गल्ला भरलाच. पण गोष्ट काय आहे बघा. २००६ मध्ये कोचीजवळच्या मंजुम्मेलचे काही मित्र कोडाईकनालला फिरायला गेले. गुणा गुहांमध्ये त्यांच्यातला एकजण खोल भेगेत पडला. तिथे पडलेलं कुणी परत येत नाही, असं सगळे सांगत होते. पोलिसांनी आधी या पोरांनाच मारलं. अग्निशमन दलाचा माणूस आत उतरायला तयार होईना. शेवटी त्यांच्यातलाच एकजण दोर बांधून उतरला. पावसाचं पाणी भेगेत जाऊ नये म्हणून बाकीचे चिखलात आडवे पडले. सिनेमाच्या सुरुवातीला हीच पोरं रस्सीखेचीत हरतात आणि शेवटी तशाच एका दोराला सगळी लोंबकळतात. दिग्दर्शक चिदंबरमने हे इतकं अंगावर येईल असं रंगवलंय की मी हाताची नखं तळव्यात रुतवून बसले होते.

एका सिनेमात जमिनीतल्या भोकात एक माणूस पडतो आणि त्याच्यासाठी सगळे जीव टांगणीला लावतात. दुसऱ्यात तशाच भोकात एक माणूस रोज उतरतो, त्याच्या दोराला कुणीच नाही, आणि तो मेल्यावर गुन्हा गाण्यावर दाखल होतो. लेखात हे दोन्ही सिनेमे मी शेजारी ठेवले ते यासाठी. धंदेवाईक आणि कलात्मक अशी वर्गवारी मला इथे उपयोगाची वाटत नाही. खाली कोण जातं आणि वर दोर कोण धरतं, एवढंच मला विचारायचं होतं. ‘कोर्ट’ त्या पोरांची जिद्द आठवत बघितला तर जास्त दुखतो. करून बघा.

‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’बद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, पण तोही याच रांगेत आहे. पायल कपाडियांच्या या सिनेमाला २०२४ मध्ये कानचा ग्राँ प्री पुरस्कार मिळाला. छाया कदमची पार्वती मुंबईच्या इस्पितळात स्वयंपाक करते. राहत्या घराचे कागद तिच्याकडे नाहीत म्हणून बिल्डर तिला बाहेर काढतो. तिच्यासाठी दोर धरायला एक नर्स मैत्रीण तेवढी आहे. दोघी मिळून बिल्डरच्या जाहिरात फलकावर दगड मारतात आणि पार्वती रत्नागिरीकडच्या आपल्या गावी निघून जाते. छाया कदमने त्या दगडात जो आनंद भरलाय त्यासाठी मी हा सिनेमा पुन्हा बघेन.

आता दादर.

नाही, ‘परफेक्ट डेज’ जसाच्या तसा दादरला घडला असता तर मला आवडला नसता. मला तो खोटा वाटला असता. सिनेमात हिरायामाची बहीण ड्रायव्हरच्या मोटारीतून येते आणि आपल्याला कळतं की हा माणूस सुखवस्तू घर सोडून आलाय. त्याने हे आयुष्य निवडलंय. तो निवडू शकला, म्हणून त्याच्या दिवसाला ती शांतता आहे. आपल्याकडे झाडू हातात येतो तो बहुतेकदा बापाकडून, वस्तीकडून, आडनावाकडून. दादरच्या हिरायामाला सकाळी चौकीवर हजेरी लावावी लागेल, मुकादमाची मर्जी राखावी लागेल. तो कंत्राटी असेल तर कायम होण्यासाठी कोर्टात वर्षं घालवावी लागतील. मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला तो २०१७ मध्ये, तोही संघटनेने अनेक वर्षं झगडल्यावर. त्याच्याकडे गाडी नसेल, कंबरेला लटकवलेली हत्यारं नसतील, बहुधा हातमोजेही नसतील.

पण हिरायामासारखाच दुपारी झाडाखाली बसून डबा खाताना तोही वर बघत असेल. त्यालाही जुनी गाणी आवडत असतील, त्याचंही एखादं झाड ठरलेलं असेल. आपल्या सिनेमात सफाई कामगार आला की तो मेलेला असतो, रडत असतो किंवा कुणाला तरी धडा शिकवत असतो. ‘कोर्ट’मध्येही वासुदेव मेल्यावरच आपल्यापर्यंत पोहोचतो. त्याला गाणं कुठलं आवडायचं, हे आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही. जात, कंत्राट, मुकादम, गटारातला वायू यातलं काहीही न लपवता त्या माणसाचा पूर्ण दिवस दाखवणारा मराठी सिनेमा मला बघायचा आहे. तो कुणी केला असेल आणि माझ्या नजरेतून सुटला असेल, तर नाव जरूर कळवा.