केमोनंतर अस्थिमज्जेतील रक्तवाहिन्या कायमच्या जळतात का?

कर्करुग्णांच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा आशय असा: केमोथेरपी आणि रेडिएशनमुळे हाडांच्या आतल्या रक्तवाहिन्या कायमच्या जळतात, त्यामुळे शरीर पुन्हा कधीही रक्त तयार करू शकत नाही, प्रत्येक सायकलनंतर, म्हणजे केमोच्या प्रत्येक फेरीनंतर, काउंट (रक्तपेशींची संख्या) घसरतात हाच त्याचा पुरावा, एका जागी दिलेले रेडिएशनही रक्तातून सगळ्या हाडांत पसरते, म्हणून पुढच्या सायकली नाकारून गव्हांकुर, बीट आणि पपईच्या पानांचा रस घ्यावा, म्हणजे या वाहिन्या पुन्हा उघडतात. हा संदेश वाचून अर्ध्यावर उपचार सोडण्याचा विचार कुणाच्याही मनात येऊ शकतो, म्हणून त्यातला प्रत्येक मुद्दा तपासणे मला आवश्यक वाटते.

वाहिन्यांना इजा होते, एवढे खरे आहे. अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आतल्या रक्त घडवणाऱ्या मऊ भागात (बोन मॅरो), सायनुसॉइड नावाच्या रुंद आणि अतिशय पातळ भिंतीच्या सूक्ष्म वाहिन्यांचे जाळे असते. नव्या रक्तपेशी याच भिंती ओलांडून रक्तप्रवाहात उतरतात, आणि भिंतींतल्या पेशी शेजारच्या मूळपेशींना (ज्यांच्यापासून सर्व रक्तपेशी तयार होतात) वाढीचे संकेतही देत असतात. तीव्र ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) रुग्णाला पहिली जोरदार केमो दिल्यानंतर काही दिवसांनी घेतलेली मज्जेची बायोप्सी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर रक्त घडवणाऱ्या पेशी जवळपास नाहीशा झालेल्या, मोकळ्या जागेत द्रव साचलेला, सायनुसॉइड फुगलेले आणि काही ठिकाणी तांबड्या पेशी वाहिन्यांबाहेर सांडलेल्या दिसतात. संदेश लिहिणारा इथेच थांबतो. त्यापुढच्या आठवड्यांत त्याच मज्जेत आधी चरबीच्या पेशी दिसू लागतात, मग तांबड्या पेशींच्या पूर्वजांचे लहान लहान पुंजके उगवतात, आणि त्यामागून पांढऱ्या पेशी व प्लेटलेट्स तयार करणाऱ्या पेशी परततात. वाहिन्यांचे जाळेही याच काळात पुन्हा उभे राहते. न्यूयॉर्कच्या कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातील शाहीन रफी यांच्या गटाने २००९ मध्ये उंदरांवर दाखवून दिले की, वाहिन्यांच्या पेशींवरील एका विशिष्ट ग्राहीमार्फत (संकेत स्वीकारणाऱ्या प्रथिनामार्फत) सायनुसॉइडची दुरुस्ती होते आणि ती दुरुस्ती रोखली तर रक्तनिर्मितीही नीट सावरत नाही. वाहिन्या महत्त्वाच्या आहेत हे संदेशकर्त्याचे म्हणणे त्यामुळे बरोबर ठरते, पण त्या कायमच्या संपतात हे त्याच संशोधनाने खोटे ठरते.

याहून ठोस पुरावा बोन मॅरो प्रत्यारोपणाचा आहे. प्रत्यारोपणापूर्वी रुग्णाला नेहमीच्या सायकलीपेक्षा कितीतरी तीव्र केमो, आणि काही वेळा संपूर्ण शरीराला मिळून सुमारे १२ ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचे एकक) इतके रेडिएशन दिले जाते. त्यानंतर दात्याच्या मूळपेशी हाडात टोचल्या जात नाहीत, तर रक्त चढवावे तशा शिरेतून सोडल्या जातात. त्या रक्तातून मज्जेपर्यंत पोहोचतात, सायनुसॉइडच्या भिंती ओलांडून आत शिरतात आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत नवे रक्त तयार करू लागतात. आतल्या वाहिन्या जळून बंद झाल्या असत्या, तर या पेशींना तिथे जायला वाटच उरली नसती. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ मध्ये भारतातले पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले, आणि तेव्हापासून देशात असंख्य रुग्णांची मज्जा याच मार्गाने पुन्हा भरली आहे.

काउंट घसरण्याचे कारण वेगळे आहे. केमोचा मुख्य घाव मज्जेतल्या वेगाने विभागणाऱ्या पेशींवर बसतो, त्यामुळे जुन्या पेशी संपल्यावर त्यांची जागा घ्यायला काही दिवस पुरेशा नव्या पेशी नसतात. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी रक्तात जेमतेम दिवसभर टिकतात, प्लेटलेट्स सात ते दहा दिवस आणि तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस. म्हणून आधी पांढऱ्या पेशी व प्लेटलेट्स उतरतात आणि हिमोग्लोबिन सावकाश. बहुतेक औषधांत हा तळ सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास येतो आणि तीन-चार आठवड्यांत काउंट वर येतात. अनेक सायकली २१ दिवसांच्या असतात त्या याच हिशेबाने. पुढची सायकल देण्याआधी रक्ततपासणी होते, आणि काउंट सावरले नसतील तर डॉक्टर तारीख पुढे ढकलतात, डोस कमी करतात किंवा पांढऱ्या पेशी वाढवणारे इंजेक्शन देतात.

बाहेरून दिलेले रेडिएशन रक्तातून पसरत नाही. ते ज्या भागातून जाते तिथेच परिणाम करते. मणक्याला रेडिएशन मिळालेल्या रुग्णाच्या एमआरआयमध्ये त्या पट्ट्यातले मणके चरबीने भरल्यामुळे उजळ दिसतात आणि पट्ट्याबाहेरचा लगतचा मणका पूर्ववत असतो. मात्र इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: एकाच जागी सुमारे ४० ग्रेहून अधिक डोस गेला, तर तिथली मज्जा आणि तिच्यातल्या वाहिन्या अनेकदा कायमच्या मागे पडतात. प्रौढांची निम्म्याहून अधिक सक्रिय मज्जा ओटीपोटाच्या हाडांत आणि मणक्यांत असते, त्यामुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगात रेडिएशनसोबत केमो चालू असताना काउंट अधिक खाली जाऊ शकतात. तरीही उरलेली मज्जा आपले काम वाढवून ही तूट बऱ्याच अंशी भरून काढते. काही औषधांनंतर थोड्या रुग्णांना वर्षांनी मज्जेचे दुसरे आजार होतात हेही खरे आहे, पण त्याचे मूळ मूळपेशींच्या डीएनएला झालेल्या इजेत असते.

राहिला रसांचा मुद्दा. त्यांनी सायनुसॉइड दुरुस्त होतात याला आधार नाही. बिटाने रक्त वाढते असे म्हणताना लोहाची कमतरता गृहीत धरलेली असते, पण केमोतल्या रुग्णाची अडचण बहुधा ती नसते. उलट रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते. पांढऱ्या पेशी तळाला असताना नीट न धुतलेल्या पानांचा किंवा गाडीवरचा कच्चा रस जंतुसंसर्गाला कारण ठरू शकतो. अशा दिवसांत ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक झाला, तर सकाळची वाट न पाहता, रात्र असली तरी रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे आणि पोहोचताच शेवटची केमो कोणत्या तारखेला झाली ते सांगावे.