बर्लिनचं ऑलिंपिक स्टेडियम पाडलं नाही हे फार बरं झालं

आमच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा बर्लिनच्या ऑलिंपिक स्टेडियमचा फोटो आला आणि खाली लगेच कोणीतरी लिहिलं, हे हिटलरचं स्टेडियम ना, अजून ठेवलंय कशाला, केव्हाच पाडायला हवं होतं. त्यावर बरीच वादावादी झाली. मी बर्लिनमध्ये राहते, भारतातून कोणी आलं की हमखास तिथे घेऊन जाते, त्यामुळे माझं यावर ठाम मत आहे आणि ते ग्रुपवर दोन ओळीत मावणारं नाही म्हणून इथे लिहितेय. पोस्ट मोठी आहे, वेळ असेल तेव्हा वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे या जागेची कथा हिटलरपासून सुरू होत नाही. १९१६ चं ऑलिंपिक बर्लिनला मिळालं होतं आणि त्यासाठी ग्रुनेवाल्डच्या जंगलाकडेला १९१३ मध्येच एक स्टेडियम बांधून तयार होतं, आर्किटेक्ट ओटो मार्च. मग पहिलं महायुद्ध पेटलं, ऑलिंपिक रद्द. पुढे १९३१ मध्ये बर्लिनला १९३६ चं यजमानपद मिळालं तेव्हाही हिटलर सत्तेत नव्हता, तो आला १९३३ ला. आल्यावर मात्र त्याच्या लक्षात आलं की जगाला दाखवायला याच्यासारखा दुसरा मंच नाही. जुनं स्टेडियम १९३४ मध्ये पाडलं आणि त्याच जागी ओटोचा मुलगा वेर्नर मार्च याने लाखभर लोक बसतील असं नवीन उभं केलं, आणि एकटं स्टेडियम नाही तर शेजारी मैफेल्ड नावाचं प्रचंड मोकळं मैदान, घंटेचा मनोरा, पोहण्याचा तलाव, हॉकीचं मैदान, उघडं नाट्यगृह असा अख्खा परिसर.

बाहेरून बघाल तर ते तितकं उंच वाटत नाही. कारण अर्धं स्टेडियम जमिनीत आहे, मैदान बाहेरच्या पातळीपेक्षा जवळजवळ १२ मीटर खाली. दगडी खांबांच्या रांगेतून आत शिरलं की एकदम पायाखाली ती भलीमोठी वाटी उघडते आणि माणूस गप्प होतो. बरोबरच्या प्रत्येकाचं तेच होतं. पश्चिमेला मात्र ही वाटी बंद नाही, तिथे मुद्दाम खिंड सोडलीय, मॅरेथॉन गेट म्हणतात, आणि त्यातून सरळ रेषेत तो घंटेचा मनोरा दिसतो. नजर कुठे जावी हेसुद्धा ठरवून बांधलंय. मला ते सुंदर वाटतं आणि ते सुंदर वाटतं याची भीतीही वाटते, दोन्ही खरं आहे.

आता १९३६. आपल्याकडे शाळेपासून ऐकलेली गोष्ट एवढीच की जेसी ओवेन्सने चार सुवर्णपदकं जिंकून हिटलरचं नाक कापलं. ओवेन्स ग्रेटच, १०० मीटर, २००, लांब उडी आणि रिले, त्यात शंकाच नाही. पण त्या गोष्टीने मनाचं फार लवकर समाधान होतं असं मला वाटतं. ज्या रिलेत त्याचं चौथं पदक आलं त्या टीममधून मार्टी ग्लिकमन आणि सॅम स्टोलर या दोन ज्यू धावपटूंना ऐनवेळी वगळलं होतं, आणि वगळणारे अमेरिकन कोच होते. लांब उडीत ओवेन्सशी दोस्ती करणारा जर्मन लुट्झ लाँग १९४३ मध्ये सिसिलीच्या लढाईत गेला. आणि ग्रेटेल बेर्गमान! ही ज्यू उंच उडीपटू, खेळांच्या महिनाभर आधी तिने १.६० मीटर उडी मारून जर्मन विक्रमाशी बरोबरी केलेली. तिला टीममध्ये ठेवलं होतं ते अमेरिकेने बहिष्कार टाकू नये म्हणून, अमेरिकेची टीम बोटीत बसून निघाली आणि तिला पत्र आलं, तुझी निवड झालेली नाही. ऑलिंपिकच्या मुख्य फेरीत पहिल्या तिघींची सर्वोत्तम उडी १.६० चीच होती, आणि जिंकली ती हंगेरीची इबोल्या चाक, तीही ज्यूच. बेर्गमानचा तो विक्रम जर्मन अ‍ॅथलेटिक्स संघटनेने परत नोंदवून घेतला २००९ मध्ये, तेव्हा ती पंच्याण्णव वर्षांची होती.

आणि हे सगळं झगमगाटात चालू असताना शहरातल्या ज्यूविरोधी पाट्या पाहुण्यांसाठी तात्पुरत्या उतरवल्या होत्या, शहरातल्या सिंती आणि रोमा (ज्यांना पूर्वी जिप्सी म्हणायचे) कुटुंबांना उचलून मार्त्सानच्या छावणीत नेऊन टाकलं होतं, आणि बर्लिनच्या थोडं उत्तरेला साक्सेनहाउझनच्या छळछावणीचं बांधकाम त्याच उन्हाळ्यात सुरू झालं होतं. मी पाहुण्यांना हे सांगते तेव्हा काही जण म्हणतात, अगं फिरायला आलोय, कशाला हे. पण हे न सांगता तिथे फोटो काढायचा तर मग ते स्टेडियम ज्यांनी बांधलं त्यांना जे हवं होतं तेच आपण केलं ना?

आपल्या लोकांसाठी एक खुलासा. ध्यानचंदांच्या टीमने जर्मनीला ८-१ ने हरवलं ती फायनल या मोठ्या स्टेडियममध्ये नाही झाली, ती याच परिसरातल्या हॉकीच्या मैदानावर झाली. मॅच १४ ऑगस्टला होती, पावसामुळे दुसऱ्या दिवशी गेली, म्हणजे १५ ऑगस्ट १९३६. टीम अर्थात ब्रिटिश इंडियाच्या झेंड्याखाली खेळत होती, पण मॅचआधी ड्रेसिंग रूममध्ये टीमचे सहाय्यक मॅनेजर पंकज गुप्तांनी काँग्रेसचा तिरंगा बाहेर काढला आणि सगळ्यांनी त्याला सलाम केला, असं खुद्द ध्यानचंदांनी लिहून ठेवलंय. बरोबर ११ वर्षांनी त्याच तारखेला काय झालं ते सांगायला नको. मी हॉकीच्या मैदानापाशी दर वेळी जाते आणि दर वेळी अंगावर काटा येतो. आणि महाराष्ट्रातल्या किती जणांना माहीत आहे की अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक त्याच वर्षी बर्लिनला आलं होतं आणि त्यांनी इथे कबड्डी आणि आपले देशी खेळ करून दाखवले होते? विदर्भातून बोटीने युरोप, १९३६ मध्ये! याच्यावर खरं तर वेगळी पोस्ट व्हायला हवी.

ऑलिंपिक संपलं तरी स्टेडियमचा वापर तसाच चालू राहिला. १४ मे १९३८ ला इथे जर्मनी विरुद्ध इंग्लंड फुटबॉल मॅच झाली आणि इंग्लंडच्या खेळाडूंनी राष्ट्रगीताच्या वेळी नाझी सलाम केला, वरून आदेश होता, राजदूताचं म्हणणं होतं की संबंध बिघडायला नकोत. इंग्लंड ६-३ ने जिंकलं. स्कोअर कोणाला आठवत नाही, फोटो सगळ्यांना आठवतो.

युद्धाच्या शेवटी शेवटी तर फारच भयंकर. परिसराच्या मागे मुरेलेनबेर्ग म्हणून टेकडी आहे, तिथे १९४४-४५ मध्ये २०० हून जास्त माणसांना गोळ्या घालून मारलं, बहुतेक सैन्य सोडून पळालेले किंवा लढायला नकार दिलेले. आज तिथे जंगलातल्या पायवाटेवर शंभराच्या वर आरसे उभे केलेत, रस्त्याच्या वळणावर ट्रॅफिकसाठी असतात ना तसे गोल, त्यातल्या काहींवर तिथे काय घडलं ते कोरलंय. वळणापलीकडचं दिसावं म्हणून असतात तसले आरसे, आणि तिथे दिसतं काय तर झाडं आणि आपलाच चेहरा. मोठमोठ्या पुतळ्यांपेक्षा मला हे स्मारक शंभर पटीने पटतं. स्टेडियम बघायला येणारे तिथपर्यंत फारसे जात नाहीत, तुम्ही आलात तर जा, नाट्यगृहाच्या बाजूने चालत जाता येतं.

१९४५ नंतर हा भाग ब्रिटिशांकडे आला आणि त्यांचं लष्करी मुख्यालय १९९४ पर्यंत याच परिसरात होतं. ज्या मैफेल्डवर हिटलरसमोर संचलनं व्हायची तिथे ब्रिटिश सैनिक पोलो आणि क्रिकेट खेळायला लागले, राणीच्या वाढदिवसाची परेड व्हायला लागली. घंटेचा मनोरा आगीने खिळखिळा झाला होता, तो त्यांनी १९४७ मध्ये सुरुंग लावून पाडला, घंटा खाली पडून तडकली. मनोरा १९६२ ला परत बांधला, पण ती तडकलेली घंटा दुरुस्त न करता स्टेडियमबाहेर तशीच ठेवलीय, मुलं तिच्यापुढे उभी राहून फोटो काढतात. आणि क्रिकेट आजही आहे बरं का, या परिसरात बर्लिनच्या क्लबांच्या मॅचेस होतात आणि खेळणारे बरेचसे भारत, पाकिस्तान, अफगाणिस्तानकडचे. रविवारी तिकडून हिंदी-उर्दूतली आरडाओरड ऐकू येते. १९३६ मध्ये ज्यांनी माणसांच्या जाती लावल्या त्यांच्या मैदानावर हे चालतं, मला तर याहून चांगला वापर सुचत नाही.

१९५१ मध्ये ओवेन्स स्वतः परत आला, हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या बास्केटबॉल टीमबरोबर, हेलिकॉप्टरने मैदानात उतरला आणि ७५ हजार बर्लिनकरांनी त्याला डोक्यावर घेतलं. १९८४ पासून तिथल्या एका रस्त्याला त्याचं नाव आहे. १९६३ पासून हेर्था बर्लिन हा फुटबॉल क्लब इथे खेळतो. बुंडेसलिगाच्या, म्हणजे जर्मनीच्या मुख्य फुटबॉल लीगच्या इतिहासातली सगळ्यात जास्त गर्दी इथलीच, १९६९ ला हेर्था-कोलोन मॅचला ८८,०७५ लोक, आणि सगळ्यात कमी प्रेक्षकही इथलेच (कोरोनातली रिकामी मैदानं सोडून), जानेवारी १९६६, टास्मानिया बर्लिन नावाच्या बिचाऱ्या टीमची मॅच, ८२७ लोक. एवढ्या अवाढव्य वाटीत ८२७! १९८५ पासून दरवर्षी जर्मन कपची फायनल इथेच होते, त्यामुळे देशभरातले फॅन सीझनभर गात असतात, बर्लिन, बर्लिन, आम्ही बर्लिनला चाललो.

पाडापाडीचा प्रश्न खरोखरच आला होता, भिंत पडल्यानंतर, नव्वदच्या दशकात. काँक्रीट खराब झालं होतं, दुरुस्तीचा खर्च अफाट, तेव्हा कोणी म्हणे पाडा आणि नवीन बांधा, कोणी म्हणे रोमच्या कोलोसियमसारखं हळूहळू ढासळू द्या. ते ढासळू देणं ऐकायला फार काव्यात्म वाटतं, पण विचार करा, नाझींना नेमकं तेच तर आवडलं असतं, हजार वर्षांनी लोकांनी आपले भग्नावशेष बघून भारावून जावं! शेवटी २००० ते २००४ दुरुस्ती झाली, २४२ दशलक्ष युरो खर्च आला, त्या काळात मॅचेस चालूच होत्या. वर नवीन हलकं छप्पर घातलं पण मॅरेथॉन गेटपाशी ते तोडलंय, पूर्ण गोल केलं नाही, जुनी रचना दिसत राहावी म्हणून. धावपट्टी हेर्थाच्या रंगाची, निळी केली. त्याच निळ्या ट्रॅकवर २००९ मध्ये उसेन बोल्ट ९.५८ सेकंदात पळाला, आणि त्याच स्पर्धेत लांब उडीच्या पदक समारंभाला ओवेन्सची नात आणि लुट्झ लाँगच्या घरचे एकत्र आले होते. २००६ ची फुटबॉल वर्ल्डकप फायनल, फ्रान्सच्या झिदानने इटलीच्या खेळाडूच्या छातीवर मारलेलं ते डोकं, तेही इथलंच. २०२३ मध्ये स्पेशल ऑलिंपिकचं उद्घाटन इथे झालं, बौद्धिक अक्षमता असलेले हजारो खेळाडू या गेटमधून आत आले, भारताचेही. नाझींनी अशा लोकांना रुग्णालयांत गॅस देऊन मारलं होतं. ते संचलन बघताना माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं. आणि १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी बेर्नहार्ड लिश्टेनबेर्ग या धर्मगुरूंना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं तेही याच मैदानात, जे चर्चमध्ये उघडपणे ज्यूंसाठी प्रार्थना करायचे आणि १९४३ मध्ये डाखाऊच्या छळछावणीत नेताना वाटेत वारले.

आता दोन चालू वाद. एक हेर्थाच्या फॅन्सचा, की ट्रॅकमुळे प्रेक्षक मैदानापासून लांब बसतात, आवाज मैदानापर्यंत पोचत नाही, म्हणून ट्रॅक काढा नाहीतर आम्हाला वेगळं स्टेडियम द्या. मी स्वतः मागच्या रांगेत बसून मॅच बघितलीय, फॅन चूक म्हणत नाहीत, खेळाडू मुंगीएवढे दिसतात. तरी ट्रॅक काढू नये असंच माझं मत आहे, ओवेन्स आणि बोल्ट जिथे पळाले ती जागा एका क्लबच्या सोयीसाठी कशी काय बुजवायची? क्लबला वेगळं छोटं स्टेडियम बांधू द्यावं, पण मग या ७४ हजारांच्या वाटीचं रोजचं पोट कसं भरणार याचं उत्तरही शहराने आधी द्यावं, फक्त कप फायनल आणि कॉन्सर्टवर ती चालणार नाही.

दुसरा वाद तिथल्या नाझी काळातल्या दगडी पुतळ्यांचा. २०२० मध्ये बर्लिनच्या एका माजी मंत्र्यांनीच म्हटलं होतं की ते हटवा. मी त्याच्या विरोधात आहे. पुतळे हटवले तर उरेल ते निव्वळ देखणं स्टेडियम, आणि मग काही वर्षांनी येणाऱ्याला ते कोणी कशासाठी बांधलं हे कळणारच नाही. पाट्या आहेत, मनोऱ्याखालच्या हॉलमध्ये २००६ पासून चांगलं प्रदर्शन आहे, पण मॅचला येणाऱ्या गर्दीच्या वाटेवर ते येत नाही. माहिती जरा ठळक करा, गेटवर करा, बेर्गमानचं नाव ओवेन्सच्या नावाइतकं मोठं लिहा, यावर मी सही करायला तयार आहे.

आणि राहिलं २०३६. जर्मनीला परत ऑलिंपिक हवंय, २०३६, २०४० किंवा २०४४, आणि बर्लिनही इच्छुक शहरांत आहे. इथले काही जण म्हणतात की बरोबर १०० वर्षांनी त्याच जागी बदललेली जर्मनी दाखवता येईल. मला हे अजिबात पटत नाही. स्पर्धा कितीही चांगली झाली तरी ते वर्ष शताब्दी म्हणूनच ओळखलं जाईल, आणि ज्यांनी १९३६ घडवलं त्यांची शताब्दी साजरी करण्याचं काही कारण नाही. २०४० ला करा, मी स्वतः व्हॉलंटियर म्हणून नाव देईन. गंमत म्हणजे २०३६ साठी भारतानेही इच्छापत्र दिलंय आणि नाव अहमदाबादचं चाललंय, तर तिकडच्या मंडळींनी एकदा इथे येऊन उद्घाटनाचे व्हिडिओ बघण्याऐवजी इथल्या मॅनेजरला विचारावं की स्पर्धेनंतरच्या साध्या मंगळवारी तुम्ही या जागेत काय करता.